एंटर मारा, पुढे चला

‘तुम्हाला खात्री आहे का?’

हा प्रश्न मला दिवसातून दहा-वीस वेळा विचारला जातो आणि दर वेळी माझं डोकं सणकतं. विचारणारं माणूस असतं तर एकदाच समोर बसवून चांगलं सुनावलं असतं. पण विचारते एक चौकोनी खिडकी. आपण आपल्या कामात असतो, अर्धं वाक्य लिहून झालेलं असतं, आणि ही बया मध्येच येऊन उभी राहते. उत्तर दिल्याशिवाय हलत नाही आणि मागचं काही करूही देत नाही. आज सकाळी तर कहर झाला. संगणकाने विचारलं, नवी आवृत्ती घ्यायची का? खाली बटणं दोन. एक ‘आत्ता घ्या’, दुसरं ‘थोड्या वेळाने आठवण करा’. ‘नको’ म्हणायची सोयच नाही. मी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की कपातला चहा बशीत आला.

खरं म्हणजे मला रागवायचा हक्क नाही. मी याच धंद्यातला. गेली बारा वर्षं नंदुरबारात बसून लोकांना संगणकाचे प्रोग्राम लिहून देतो, शाळांना, दवाखान्यांना, मिरचीच्या व्यापाऱ्यांना. असल्या खिडक्या मी स्वतः शेकड्याने बनवल्या आहेत. त्यामुळे माझा राग दुप्पट होतो आणि त्यातला निम्मा माझ्याच अंगावर येतो.

हात आपटला तेव्हाच खालच्या रस्त्यावरून ढोल वाजत गेला. वाकून पाहिलं तर एक जीप, टपावर गाठोडी, पातेली, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर मांडी ठोकून बसलेला एक माणूस ढोल बडवतोय. गुजरातेतून ऊसतोडीवरून घरी निघालेली माणसं. सातपुड्यातला माणूस दिवाळीला घरी आला नाही तर कोणी काही म्हणत नाही, पण होळीला तो असेल तिथून परततो. म्हणजे फाल्गुन लागला. लोकांना फाल्गुनात पळस दिसतो. मलाही दिसतो, माझ्या गावाहून, रनाळ्याहून गाडीवर येताना शेतांच्या बांधावर दिसतो, चांगला दिसतो. पण त्याच्या पाठोपाठ मला एक राखाडी खिडकी दिसते. तिच्यात दोन बटणं असतात आणि त्यातल्या ‘होय’भोवती निळी कड असते. ती कड मीच ओढली होती.

सात वर्षांपूर्वीचा फाल्गुन. तेव्हा मी दुसऱ्यांकडे नोकरीला होतो. बाजारपेठेत एका माडीवर दोन खोल्यांचं ऑफिस, आम्ही तिघं आणि आमचे सर. एका संस्थेने काम दिलं होतं. धडगावला सिकलसेलच्या तपासणीचं शिबिर घ्यायचं होतं, त्यासाठी नावनोंदणीचा प्रोग्राम हवा होता. सिकलसेल हा आमच्या डोंगराच्या वाट्याला आलेला आजार. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. मग हाडं दुखतात, अशी की धडधाकट माणूस जमिनीवर लोळतो. हा आजार आई-बापाकडून येतो आणि बरा होत नाही, पण माहीत असेल तर सांभाळता येतो. पाणी भरपूर प्यायचं, उन्हात मरमर करायची नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत. सगळं त्या ‘माहीत असेल तर’वर आहे. शिबिर होळीच्या आठवड्यात ठेवलं, कारण वर्षातून तेवढेच दिवस माणसं घरी असतात. होळी झाली की जीपा भरून पुन्हा उसाच्या फडावर.

प्रोग्राम बसवायला मी धडगावला गेलो. जीपमध्ये पुढच्या सीटवर चौघं, त्यातला मी चौथा, एक मांडी ड्रायव्हरच्या गिअरपाशी. प्रत्येक वळणाला गिअर बदलायचा तर तो मला म्हणायचा, ‘भाऊ, पाय.’ मी पाय उचलायचो. घाटात मोहाचा गोड, आंबूस वास भरलेला. बायका टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या. खालच्या गावांतला मी. मला घाट लागतो, उंची लागते, आणि तेव्हा तर सगळ्या जगापेक्षा मला जास्त कळतं हेही लागलेलं होतं.

शिबिर एका शाळेच्या वर्गात. तिथे जमनाताई पहिल्यांदा भेटल्या. नोंदणीच्या टेबलावर त्यांची नेमणूक होती. पावरा समाजातल्या, तिशीच्या आतल्या, बारावी होऊन टायपिंग शिकलेल्या. किबोर्डवर त्यांचा हात माझ्यापेक्षा जलद चालायचा आणि बांगड्यांचा आवाज टायपिंगच्या तालात यायचा. माणूस समोर आला की त्या पावरीत विचारायच्या आणि मराठीत टाइप करायच्या. संगणकाच्या डाव्या हाताला त्यांनी स्वतःची एक वही ठेवली होती. त्यात पेनने नाव, पाडा आणि पुढे काहीतरी खूण.

‘वही कशाला? आता सगळं यात आहे,’ मी म्हणालो.

‘असू द्या भाऊ. लाइट जाते,’ त्या म्हणाल्या.

काम साधं होतं. नाव, बापाचं नाव, पाडा, जन्मतारीख लिहायची. संगणक एक नंबर काढतो, छोट्या प्रिंटरमधून त्या नंबरची चिकटपट्टी निघते, ती रक्ताच्या नळीला लागते. नळ्या नंदुरबारला जातात, निकाल नंबरावर येतो, नंबरावरून कार्ड छापलं जातं. म्हणजे एकदा टेबलावरून उठलात की पुढे तुम्ही म्हणजे तुमचा नंबर.

एकाच माणसाची दोनदा नोंद होऊ नये म्हणून मी एक खिडकी घातली होती. नाव, बाप, पाडा आणि तारीख जुळली की ती उघडायची. ‘ही व्यक्ती आधीच नोंदलेली आहे. जुनीच नोंद वापरायची?’ होय किंवा नाही.

पहिल्या दिवशी या खिडकीने माझी लाज काढली. ती उघडायची, पण मोठ्या खिडकीच्या मागे. कारण अशी छोटी खिडकी उघडताना तिची मालकीण कोणती मोठी खिडकी हे सांगावं लागतं, म्हणजे ती तिच्यापुढे राहते. ते सांगायला मी विसरलो होतो. त्यामुळे संगणक मागे उत्तराची वाट बघत बसलेला आणि पुढे जमनाताई संगणकाची. मी ते दुरुस्त केलं. मग ती पुढे आली, सगळ्यांत वर, मागचं सगळं अडवून. आमच्या धंद्यात या अडवणुकीला रीतसर नाव आहे आणि ती चांगली शिस्त मानतात. दुसरी अडचण निघाली. लॅपटॉपचा माऊस धुळीने अडकत होता, बटणापर्यंत बाण नेताना ताईंचा वेळ जायचा. मी सरांना फोन केला.

‘अरे, होयवर डिफॉल्ट टाक,’ सर म्हणाले. ‘एंटर मारला की पुढे गेलं पाहिजे. रांग थांबता कामा नये. ऑपरेटर लोक काही वाचत नसतात.’

डिफॉल्ट म्हणजे, तुम्ही काहीच विचार न करता एंटर दाबलात तर कोणतं बटण दाबलं जाईल ते. एका ओळीचं काम. मी ती ओळ लिहिली, ‘होय’भोवती निळी कड आली, आणि मी खूश होऊन बाजार बघायला गेलो.

भोंगऱ्या होता त्या दिवशी. होळीच्या आधीच्या आठवडी बाजाराला तिकडे भोंगऱ्या म्हणतात. दाळ्या, गूळ, साखरेचे हार, नवे रुमाल, आणि त्या गर्दीत पाड्यापाड्याचे ढोल. एका ढोलापुढे मुलींची रांग नाचत होती. एकमेकींच्या कमरेत हात, सगळ्यांच्या लुगड्यांचे रंग सारखे, चांदीचे दागिने, पाय एकदम पुढे आणि एकदम मागे. मी भज्यांचा कागद हातात धरून पाऊण तास बघत उभा होतो. जिच्यामुळे हे सगळं सांगतोय ती मुलगी त्या रांगेत होती का, हे मला माहीत नाही. नंतर अनेकदा आठवून पाहिलं. चेहरे आठवत नाहीत, पाय आठवतात.

आता मला काय माहीत नव्हतं ते सांगतो. डोंगरात पुष्कळ ठिकाणी जन्मवारावरून नाव ठेवायची रीत आहे. रविवारी झाला तो दितल्या, सोमवारचा सोम्या, मंगळवारचा मंगल्या, शनिवारचा थावऱ्या. मुलगी असेल तर सोमी, मंगली, थावरी. किती छान, आयुष्यभर आपल्या जन्माचा वार अंगावर घेऊन फिरायचं. पण वार सातच. एका पाड्यात दोन थावरी असणं म्हणजे काही नवल नाही, आणि दोघींचे बाप दितल्या असणं हेही नाही. पाड्यातल्यांना त्याची अडचण कधी होत नाही. ते म्हणतात, मोहापाशी राहते ती थावरी, किंवा सायकीची थावरी. आईचं नाव घेतलं की प्रश्न मिटतो. माझ्या प्रोग्रामात आईच्या नावाला जागाच नव्हती.

राहिली जन्मतारीख. ती तर अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ज्याची तारीख कोणी लिहून ठेवली नाही त्याला शाळेत गुरुजी एक जून देतात, वर्षही अंदाजाचंच. माझ्या बापाचीही एक जूनच. हे माहीत असून मी तारखेवर भरवसा ठेवला. मूर्खपणाला दुसरं काय म्हणतात?

तिसऱ्या दिवशी मी रनाळ्याला घरी होतो. गहू निघाला होता, आई सूप घेऊन ओट्यावर पाखडत बसली होती. जमनाताईंचा फोन आला.

‘भाऊ, ती खिडकी सारखी येऊन राहिली. आधीच नोंदलेली आहे म्हणते. इथे सगळेच एक जूनचे आहेत, नावं पण तीच तीच...’

मला वाटलं, रडगाणं. मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. ‘ताई, एंटर मारा आणि पुढे चला. रांग थांबवू नका.’

आईने सूप खाली ठेवलं. ‘कोन व्हती रे?’

‘धडगावची ऑपरेटर आहे. काही कळत नाही त्यांना.’

‘तिन्हं बोलनं पुरं तं व्हऊ दे ना रे भो,’ आई म्हणाली. ‘तू तं मधमाच तोडी टाकस.’

मी हसलो. मला संगणक येत होता आणि आईला येत नव्हता, एवढं हसायला पुरेसं होतं. त्या हसण्याची मला आज जेवढी चीड येते तेवढी सरांचीही येत नाही.

शिबिर संपलं, निकालाची कार्डं वाटली, होळी झाली, जीपा भरून गेल्या. चैत्रात मला पुन्हा धडगावला बोलावलं, काहीतरी घोळ आहे म्हणून. वर्गात संस्थेचे दोन साहेब, आमचे सर, कोपऱ्यात जमनाताई. आणि दारापाशी एक माणूस उकिडवा बसलेला, डोक्याला गुलाबी रुमाल, चप्पल बाहेर काढून ठेवलेली. तो दितल्या. त्याने मला बघून खिशातून एक कार्ड काढलं. प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून नीट ठेवलेलं. ते त्याने टेबलावर ठेवलं.

‘यात काय लिहिलं?’ त्याने विचारलं.

‘दोष आढळला नाही,’ मी वाचलं. नाव थावरी, बाप दितल्या, पाडा, एक जून.

‘ही माझी पोरगी. सतरा वर्षांची. तिकडे दवाखान्यात पडली होती आठ दिवस. तिथला डॉक्टर रक्त बघून म्हणतो, आजार आहे. जन्मापासून आहे. मग तुमचा कागद खोटा का तो डॉक्टर खोटा?’

मग त्याने पुढचं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. थावरी फडावर ऊस बांधत होती. उन्हं तापलेली, पाणी लांब. तिचे पाय दुखू लागले, मग कंबर, मग तिला उभं राहवेना. ती रडायला लागली. मुकादम म्हणाला, नाटक करते. दितल्याने स्वतः त्याला हे कार्ड दाखवलं होतं, माझी पोरगी चांगली आहे, तपासलेली आहे म्हणून, कामावर घेताना. आता मुकादमाने तेच पुढे केलं. कागदात काही नाही, मग हिला काय झालं?

‘मला पण वाटलं, नाटक करते,’ दितल्या म्हणाला. ‘मी तिला बोललो. उठ म्हणालो. दोन दिवस कामाला लावली.’

मी वहीवरून नोंदी तपासल्या. जमनाताईंच्या वहीत दोन थावरी होत्या, एकीपुढे मोहाच्या झाडाची खूण आणि दुसरीपुढे लिहिलेलं, सायकीची. संगणकात एकच थावरी. दुसरी, म्हणजे सायकीची, दितल्याची ही मुलगी, टेबलापाशी आली तेव्हा खिडकी उघडली होती. आधीच नोंदलेली आहे. एंटर. संगणकाने तिला पहिल्या थावरीचाच नंबर दिला. एकाच नंबराच्या दोन नळ्या नंदुरबारला पोचल्या. तिथल्या माणसाला वाटलं एकाच मुलीचं रक्त दोनदा घेतलं, त्याने एक नळी तपासली आणि एक बाजूला ठेवली. सायकीच्या थावरीचं रक्त कोणी बघितलंच नाही. पहिलीचा चांगला निकाल मात्र कार्डावर छापून दोघींच्या हातात दिला. त्या फोननंतर आलेली अशी अजून पाच-सहा माणसं वहीत होती आणि संगणकात नव्हती. त्यांना शोधून पुन्हा तपासलं, त्यांचं नशीब बरं निघालं. थावरीचं नाही निघालं. त्या दिवसांत तिच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला. ते हाड झिजलं ते झिजलंच.

मग साहेबांनी विचारलं, ‘हे झालं कसं?’

आमचे सर म्हणाले, ‘प्रोग्राम तर विचारतो सर, स्पष्ट मराठीत. ऑपरेटरने न वाचता होय दाबलं. मानवी चूक आहे.’ आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘बरोबर ना?’

मी मान हलवली.

जमनाताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आता त्या फोनचं सांगतील. मी मनात उत्तरही तयार केलं होतं, खोटं. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी वही मिटली, पदरात घेतली आणि उठल्या. त्यांचं ते काम तिथेच संपलं. मी परत येऊन कोड उघडला, निळी कड ‘होय’वरून काढून ‘नाही’वर टाकली. दहा मिनिटं लागली. चहा निवायच्या आत झालं.

मानवी चूक! हा शब्द कोणी उच्चारला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मानवी म्हणजे कोणाची रे बाबांनो? खिडकी मी बनवली, मीही मानवच होतो. ती कुठे उघडावी, कशाच्या पुढे राहावी, हात कुठे पडला की काय व्हावं, सगळं मी ठरवलं. माणसाला दिवसातून चाळीस खिडक्या दाखवल्यात तर एकेचाळिसावी कोण वाचतं? मी तरी वाचतो का? आज सकाळच्या खिडकीतलं किती वाचलं मी? आम्ही आधी माणसाला न वाचायची सवय लावतो आणि मग वाचलं नाही म्हणून त्यालाच पकडतो. चोर तो चोर, वर शिरजोर. आणि हे सगळं करून खाली नम्रपणे विचारतो, तुम्हाला खात्री आहे का!

आमच्या रनाळ्यात दुसऱ्याच्या घरी जाताना माणूस ओट्याखालूनच हाक देतो, ‘शे का कोनी घरमा?’ आतून ‘ये ना’ ऐकू आलं की मग पायरी चढतो. डोंगरात तर घरं लांब लांब, तिथे पाहुणा कुडाबाहेर उभा राहतो, खाकरतो, आणि कोणी बाहेर येईपर्यंत थांबतो. ज्यांना आम्ही अडाणी म्हणतो त्यांना इतकी रीत आहे. आणि आमच्या शिकल्या-सवरल्या खिडक्या थेट छातीवर येऊन बसतात. मी आता पोरांना शिकवतो तेव्हा पहिल्या तासाला हेच सांगतो. खिडकी उघडायची तर आधी विचारा, उघडलीच पाहिजे का? टंकणाऱ्याच्या बोटाखाली तिला अचानक आणू नका. जे परत फिरवता येत नाही त्यावर एंटर ठेवू नका. पोरं वहीत लिहून घेतात. मी त्यांना थावरीचं सांगत नाही. बटणाच्या कडेबद्दल तासभर बोलतो आणि तिचं नाव घेत नाही, असा माझा शूरपणा.

सात वर्षं मी धडगावला गेलो नाही. कामं आली, दुसऱ्याला पाठवलं, घाट लागतो म्हणून सांगितलं. आज सकाळी ती जीप गेली, ढोल गेला, आणि चहा सांडलेल्या बशीकडे बघत मला स्वतःचीच इतकी किळस आली की मी तसाच उठलो आणि धडगावच्या जीपमध्ये बसलो. पुढची सीट, चौथा माणूस. ‘भाऊ, पाय.’

भोंगऱ्याच होता. जमनाताईंचं आता चौकात स्वतःचं दुकान आहे, फॉर्म भरून देण्याचं. दाखले, शिष्यवृत्त्या, काय काय. बाहेर बाकावर दहा-बारा माणसं. मी कडेला उभा राहून बघत होतो. संगणकावर एक खिडकी उघडली. ताईंनी किबोर्डवरून हात उचलले, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि समोरच्या म्हाताऱ्याला खिडकीत काय लिहिलंय ते पावरीत पूर्ण सांगितलं. तो विचार करून काहीतरी म्हणाला. मग त्यांनी बटण दाबलं. दर खिडकीला हेच. रांग थांबली होती आणि रांगेतल्या कोणालाही त्याचं काही वाटत नव्हतं.

‘ताई,’ मी म्हणालो, ‘तुम्ही तेव्हा फोन केला होता. मीच म्हणालो होतो एंटर मारा. आणि त्या दिवशी मी मान हलवली.’

‘माहीत आहे ना भाऊ,’ त्या म्हणाल्या. ‘मी तिथेच होती.’

‘तुम्ही बोलला का नाहीत?’

‘मी बोलली असती तर तुमची नोकरी गेली असती, माझी पण गेलीच असती. थावरीचा पाय आला असता का?’ मग त्या माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, ‘पण राग आला होता. अजून आहे. तुम्हाला चहा देईन, पण राग आहे.’

चहा दिला. तो मी उभ्यानेच प्यालो. मग त्यांनी बोटाने समोर दाखवलं. ढोलापुढे मुलींची रांग नाचत होती, पाय एकदम पुढे आणि एकदम मागे. रांगेच्या टोकाशी, पायरीवर, चोवीसेक वर्षांची एक मुलगी बसली होती. अंगावर नाचणाऱ्यांच्याच रंगाचं लुगडं, गळ्यात चांदी, शेजारी टेकलेली काठी. ढोलाच्या ठेक्यावर तिचा एक पाय हलत होता. दुसरा तिने हाताने धरून सरळ ठेवला होता.

आम्ही तिच्यापाशी गेलो. जमनाताईंनी पावरीत सांगितलं हा कोण. मी मराठीत बोललो, ताई मध्ये मध्ये सांगत गेल्या. मी काहीच लपवलं नाही. खिडकीचं सांगितलं, निळ्या कडेचं, आईच्या नावाला जागा नव्हती त्याचं, फोनचं, मानेचं. बाजूला इतका आवाज होता की मला ओरडून कबुली द्यावी लागत होती. थावरीने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.

‘ती खिडकी काय विचारत होती?’ तिने मराठीतच विचारलं.

‘ही मुलगी आधी येऊन गेलेली आहे का, असं.’

‘मी समोरच उभी होती,’ ती म्हणाली. ‘टेबलाला हात लावून. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, नाही, मी आत्ताच आली.’

तिने काठी या बाजूची त्या बाजूला ठेवली, मला बसायला जागा केली. मी बसलो नाही.

‘आता नीट विचारते का ती खिडकी?’

‘हो,’ मी म्हणालो. ‘आता नीट विचारते. मी बदललं ते.’

‘विचारते कोणाला?’ थावरी म्हणाली.